नायट्रो कोल्ड कॉफी: तीन चमचे वायू, दोन कोटी बुडबुडे

नळातून नुकत्याच भरलेल्या नायट्रो कॉफीच्या पेल्याकडे पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास गोंधळतो. बुडबुडे वर जातात हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. इथे मात्र काचेलगत तपकिरी फेसाचे पडदेच्या पडदे खाली उतरताना दिसतात. अर्ध्या-एक मिनिटात ही हालचाल थांबते, खाली गडद कॉफी उरते आणि वर अर्ध्या-एक सेंटिमीटर जाडीचा, सायीसारखा घट्ट फेस जमतो. पेल्यात दूध नसते आणि साखरही नसते, तरी घोट जिभेवर दुधाळ लागतो.

या पेयाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. नायट्रोजनमुळे कॉफी गोड, पचायला हलकी आणि अधिक तरतरी देणारी होते, असे विकणारे सांगतात. तर हवेतला फुकटचा वायू भरून पैसे उकळण्याचा हा प्रकार आहे, असे त्रासलेले ग्राहक म्हणतात. दोघांच्याही बोलण्यात मूळ मुद्दा हरवतो. नायट्रोजन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. वरवर हा त्याचा दोष वाटतो, पण या पेयाची सगळी किमया त्यातच आहे. हे एकदा नीट कळले, की कॉफी घरी कशी करायची, कोणते दावे मानायचे आणि कशापासून जपायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे सापडत जातात.

आधी मुळातली कॉफी

नायट्रो कॉफीचा पाया असतो कोल्ड ब्रू, म्हणजे कॉफीची भरड थंड किंवा साध्या पाण्यात बराच वेळ भिजवून काढलेला अर्क. दूध, साखर आणि बर्फ एकत्र घुसळून केलेली कोल्ड कॉफी ती ही नव्हे. गरम कॉफी साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही मिनिटांत तयार होते; कोल्ड ब्रूला १२ ते २४ तास लागतात. उष्णतेचे काम इथे वेळ करतो, पण सगळेच काम करत नाही. उष्णतेने सहज सुटणारे काही कडवट आणि आंबट घटक थंड पाण्यात कमी उतरतात, त्यामुळे अर्क सौम्य लागतो. त्याचबरोबर गरम कॉफीचा दरवळ मात्र यात नसतो आणि तोंडात ती थोडी पातळ, सपाट वाटू शकते. ही सपाटपणाची उणीव भरून काढण्याचे काम नायट्रोजनच्या फेसाकडे येते.

नायट्रो कॉफी म्हणजे असा थंड अर्क बंद भांड्यात नायट्रोजनच्या दाबाखाली ठेवून, अगदी बारीक छिद्रांच्या नळातून पेल्यात सोडलेली कॉफी. या व्याख्येतल्या थंडपणा, दाब आणि बारीक छिद्रे या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. त्यातली एक जरी वगळली, तरी पेल्यात नुसती काळी कोल्ड कॉफी पडते.

नायट्रोजनच का?

नायट्रोजन वायू डॅनियल रदरफोर्ड यांनी १७७२ मध्ये एडिनबरा येथे वेगळा ओळखला. आपल्या भोवतालच्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग याच वायूचा आहे. त्याला रंग, वास किंवा चव नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की साध्या तापमानाला तो कशाशीच फारशी अभिक्रिया करत नाही. कॉफीत तो गेला काय आणि बाहेर आला काय, कॉफीच्या रसायनात त्यामुळे काहीच बदल होत नाही.

वायू द्रवात किती विरघळेल, याचा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला: तापमान कायम असेल, तर विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्याच्या दाबाच्या प्रमाणात वाढते. ट्रंकेत कपडे दाबून भरावेत तसे हे आहे. जितका जोर लावाल तितके जास्त कपडे आत मावतात, आणि झाकण उघडले की तेच कपडे उसळून वर येतात. भांड्यातला दाब म्हणजे तो जोर, आणि नळ उघडणे म्हणजे झाकण काढणे. तापमानाचाही यात वाटा असतो: द्रव जितका थंड, तितका वायू अधिक विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात मावतो त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश जास्त नायट्रोजन ४ अंशांच्या पाण्यात मावतो.

मग सोड्यात वापरतात तो कार्बन डायऑक्साइडच इथे का नको? तो पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे ५० पट जास्त विरघळतो, आणि विरघळताना त्यातल्या थोड्या भागाचे कार्बोनिक आम्ल बनते. सोडा पिताना जिभेला येणाऱ्या चरचरीत आणि आंबटपणात या आम्लाचा मोठा हात असतो. लिंबू-साखरेच्या सरबतात तो आंबटपणा खुलून येतो. कॉफीत आधीच स्वतःची आम्ले आणि कडवटपणा असल्यामुळे त्याची भर बहुतेकांना खटकते. नायट्रोजन असे काहीच करत नाही.

हिशेब केला की कळते

या पेयात वायू खरोखर किती असतो, याचा ढोबळ हिशेब मला फार उद्बोधक वाटतो, म्हणून तो इथे सविस्तर मांडतो.

नायट्रो कॉफीचे भांडे साधारणपणे ३० ते ४० पीएसआय दाबावर ठेवतात. पीएसआय हे दाबाचे एकक आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय असतो, आणि भांड्यावरच्या मापकावर दिसणारा आकडा त्याच्या वरचा असतो. म्हणजे मापक ३० दाखवत असेल, तर आत एकूण दाब हवेच्या सुमारे तिप्पट असतो. या दाबाला आणि ४ अंश तापमानाला २५० मिलिलिटर कॉफीत जेमतेम १६ मिलिलिटर, म्हणजे तीन छोटे चमचे नायट्रोजन विरघळतो. नळातून बाहेर आल्यावर त्यातला थोडा आतच राहतो आणि साधारण दोन चमचे बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. तेवढ्याच सोडायुक्त शीतपेयात पाऊण ते एक लिटर कार्बन डायऑक्साइड असतो.

दोन चमचे वायूने एवढा फरक पडतो, तो बुडबुड्यांच्या आकारामुळे. नायट्रोजनचा बुडबुडा सुमारे एकदशांश मिलिमीटर व्यासाचा असतो, तर सोड्यातला मिलिमीटरभर किंवा त्याहून मोठा होतो. १० मिलिलिटर वायूचे मिलिमीटरभर व्यासाचे बुडबुडे केले, तर ते सुमारे २० हजार होतील. तेवढ्याच वायूचे एकदशांश मिलिमीटरचे बुडबुडे केले, तर त्यांची संख्या दोन कोटींच्या घरात जाते. व्यास दहापट लहान झाला, की संख्या हजारपट वाढते आणि बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग दहापट होतो. इतके बारीक बुडबुडे जिभेला सुटे सुटे जाणवत नाहीत. ते सगळे मिळून एक दाट, मऊ द्रव असल्यासारखे भासतात. दुधाळपणाचा भास होतो तो यामुळेच.

हे बारीक बुडबुडे टिकतात कसे, हेही पाहण्यासारखे आहे. कोणत्याही फेसात लहान बुडबुड्यातला दाब मोठ्या बुडबुड्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो. त्यामुळे लहानातला वायू मधल्या द्रवात विरघळून मोठ्यात शिरतो, लहान बुडबुडे नाहीसे होतात, मोठे अधिक फुगतात आणि शेवटी फुटतात. सोड्याचा फेस क्षणात विरतो, कारण कार्बन डायऑक्साइडला द्रवातून पलीकडे जाणे सोपे असते. नायट्रोजन विरघळायलाच तयार नसल्यामुळे हा प्रवास फार मंद होतो आणि लहान बुडबुडे लहानच राहतात. बुडबुड्यांभोवतीचे पातळ आवरण कॉफीतली प्रथिने, शर्करासाखळ्या आणि दाणे भाजताना तयार होणारी तपकिरी संयुगे धरून ठेवतात. कॉफीतले तेल मात्र हे आवरण कमजोर करते, आणि घरी कॉफी गाळताना या गोष्टीचा उपयोग होतो.

फेस खाली का उतरतो?

एकदशांश मिलिमीटरचा बुडबुडा थंड कॉफीत सेकंदाला फक्त तीन-चार मिलिमीटर वर सरकतो. मिलिमीटरभर व्यासाचा बुडबुडा तेवढ्या वेळात संपूर्ण पेला पार करून जातो. पेल्याच्या मध्यभागी बुडबुड्यांची दाटी जास्त असते, आणि ते वर जाताना भोवतालची कॉफीही आपल्याबरोबर वर ओढतात. वर गेलेल्या कॉफीला परत यायला कडेची वाट उरते, म्हणून काचेलगत प्रवाह खाली वाहतो. हा प्रवाह बारीक बुडबुड्यांच्या चढण्याच्या गतीपेक्षा वेगवान असल्यामुळे त्यांना खाली रेटतो, आणि काचेतून आपल्याला नेमका तेवढाच भाग दिसतो. आयर्लंडमधील लिमरिक विद्यापीठाच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये स्टाउट जातीच्या बिअरसंदर्भात दाखवून दिले, की वरच्या बाजूला रुंद होत जाणाऱ्या पेल्यात कडेला बुडबुडे कमी राहतात आणि खाली उतरणारा हा प्रवाह चांगला जमतो. पेला तळाशी रुंद आणि वर निमुळता असेल, तर उलटे घडते. म्हणून नायट्रो कॉफीसाठी वर रुंद होत जाणारा, पारदर्शक पेला निवडणे केवळ शोभेचे नाही.

कल्पना आली कुठून?

नायट्रोजनचा हा उपयोग कॉफीवाल्यांनी शोधलेला नाही. आयर्लंडच्या गिनेस कंपनीत मायकेल अ‍ॅश या गणितज्ञाने १९५९ मध्ये पिंपातल्या बिअरसाठी नायट्रोजन वापरण्याची पद्धत विकसित केली. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस डब्यातल्या बिअरसाठी सूक्ष्म छिद्र असलेली प्लास्टिकची छोटी पोकळ कुपी आली. डबा उघडला की दाब उतरतो, कुपीतला वायू छिद्रातून वेगाने बाहेर पडतो आणि बारीक बुडबुड्यांना सुरुवात करून देतो. डबाबंद नायट्रो कॉफी हलवली की आत काहीतरी खुळखुळते, ते बहुधा हेच असते. कॉफीसाठी हे तंत्र २०१२-१३ च्या सुमारास अमेरिकेतील ऑस्टिन आणि पोर्टलंड या शहरांत वापरले जाऊ लागले, आणि २०१६ मध्ये स्टारबक्सने ते हाती घेतल्यावर जगभर पोहोचले. बिअरमध्ये नायट्रोजनबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइडही असतो; कॉफीसाठी निव्वळ नायट्रोजन वापरतात.

घरी करायची तर

पहिले काम चांगला अर्क काढण्याचे. १०० ग्रॅम कॉफी जाडसर, खडबडीत रव्याइतकी दळून १ लिटर गाळलेल्या पाण्यात मिसळावी आणि भांडे झाकून १६ ते १८ तास फ्रिजमध्ये ठेवावे. भरड आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हाती सुमारे ८०० मिलिलिटर कॉफी येते. नायट्रो कॉफी बर्फाशिवाय देतात आणि बर्फ वितळून ती पातळ होत नाही, तेव्हा अर्क पिण्याजोग्या ताकदीचाच असावा. गाळलेल्या कॉफीची चव घेऊन ती जड वाटली तर थंड पाणी घालून आत्ताच सारखी करावी. भांडे दाबाखाली गेल्यावर त्यात बदल करता येत नाही.

गाळण्यात आळस करू नये. आधी जाळीच्या गाळणीने चोथा काढावा आणि मग कॉफी कागदी फिल्टरमधून सावकाश उतरू द्यावी. कागद दोन कामे करतो: नळाच्या छिद्रांत अडकणारा बारीक गाळ थांबवतो आणि फेस मोडणारे तेलही बऱ्याच अंशी शोषून घेतो. माझ्या मते घरच्या नायट्रो कॉफीचा फेस नीट न येण्याचे सर्वाधिक दुर्लक्षित कारण कागदाने न गाळणे हे असते. लोक मात्र दोष वायूला देत राहतात.

दुसरे काम वायू मिसळण्याचे. यासाठी दीड-दोन लिटरचे छोटे स्टीलचे केग, म्हणजे दाब सहन करणारे पिंप मिळते, ज्याला नायट्रो नळ जोडलेला असतो. वायूसाठी बोटाएवढ्या स्टीलच्या कुप्या येतात आणि त्यांना कार्ट्रिज म्हणतात. एका कार्ट्रिजमध्ये साधारण २ ग्रॅम नायट्रोजन असतो, आणि मोकळ्या हवेत तो सुमारे १.७ लिटर जागा व्यापतो. दोन लिटरच्या केगमध्ये दीड लिटर कॉफी भरली, तर वर अर्धा लिटर जागा उरते. त्या जागेत एक कार्ट्रिज रिकामे केले, की आतला दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे तीन ते साडेतीन पटींनी वर चढतो, म्हणजे आपल्याला हवा असतो त्या टप्प्याच्या थोडा वर जातो. केग काठोकाठ भरू नये, याचे कारणही हेच. वर जागाच नसेल, तर दाब भलताच चढेल आणि वायूला कॉफीशी संपर्क यायला पृष्ठभागच मिळणार नाही.

कॉफी आणि केग दोन्ही आधीच २ ते ४ अंशांपर्यंत थंड करून घ्यावेत. झाकण लावून कार्ट्रिज जोडल्यावर वायू आत शिरतानाचा फुस्सकारा ऐकू येतो आणि कार्ट्रिज बाहेरून इतके गार पडते की त्यावर दव साचते. मग केग आडवे धरून अर्धा ते एक मिनिट जोराने हलवावे. हे हलवणे फार महत्त्वाचे आहे, कारण नायट्रोजन नुसता वर बसून राहिला तर कॉफीत उतरायला एक-दोन दिवस घेतो. हलवल्यावर केग दोनेक तास फ्रिजमध्ये ठेवावे. शक्य असेल तर अगदी सुरुवातीला थोडा वायू सोडून झडप क्षणभर उघडावी, म्हणजे आत अडकलेली हवा आणि तिच्यातला ऑक्सिजन बाहेर जातो.

तिसरे काम ओतण्याचे, आणि सगळ्यात नाजूक भाग हाच आहे. नायट्रो नळाच्या तोंडाशी एक चकती असते आणि तिला बहुधा पाच छिद्रे असतात. प्रत्येक छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. सोड्यात बुडबुडे आपोआप उगवतात, पण नायट्रोजनला विरघळल्या अवस्थेतून बाहेर काढण्यासाठी जबरदस्त धक्का द्यावा लागतो. अरुंद छिद्रांतून जाताना कॉफीचा वेग एकदम वाढतो, दाब एकदम पडतो, आणि त्या खळबळीत लक्षावधी बुडबुडे एकाच वेळी जन्म घेतात. म्हणून नळ अर्धवट न उघडता एका झटक्यात पूर्ण उघडावा आणि पेल्यात बर्फ टाकू नये, कारण बर्फाच्या कडांवर फेस मोडतो. दीड लिटरमधून अर्धा लिटर कॉफी काढली, की वरची रिकामी जागा दुप्पट होते आणि दाब निम्म्याजवळ येतो. शेवटचे पेले निस्तेज पडतात ते त्यामुळे. दुसरे कार्ट्रिज वापरायचे ते दाब असा उतरल्यावरच. दोन्ही सुरुवातीलाच जोडू नयेत, आणि केगवर लिहिलेली दाबाची मर्यादा कधीही ओलांडू नये.

क्रीम फेटण्याची सायफन बाटली घरी असेल, तर ती नायट्रोजनच्या कार्ट्रिजवर चालते, मात्र तिच्या तोंडाशी बारीक छिद्रांची चकती नसल्यामुळे फेस जरा ढोबळ येतो. ओतल्यावर चकती सोडवून धुणे आणि नळातून गरम पाणी सोडणे हे त्याच दिवशी करावे. वाळलेल्या कॉफीने एक छिद्र जरी बुजले, तरी पुढच्या पेल्यात ते दिसते.

हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे, मग तो विकत का घ्यायचा?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. लगेच प्यायची असेल, तर दाबाखाली हवा भरूनही असाच उतरणारा फेस मिळवता येतो, कारण हवेचा मोठा भाग नायट्रोजनच आहे. अडचण उरलेल्या २१ टक्के ऑक्सिजनची असते. तो पाण्यात नायट्रोजनच्या सुमारे दुप्पट विरघळतो आणि कॉफीतल्या सुवासिक घटकांशी अभिक्रिया करून तिला शिळी चव आणतो. भांड्यात कॉफी दोन-चार दिवस ठेवायची असेल, तर शुद्ध नायट्रोजनचे पैसे सार्थकी लागतात. ताबडतोब संपवायची असेल, तर तितके नाहीत. मिक्सरमध्ये घुसळूनही फेस येतो, पण त्यातले बुडबुडे लहानमोठे, ओबडधोबड असतात आणि ते फार टिकत नाहीत.

वायू धोकादायक आहे का?

पेल्यातला नायट्रोजन अजिबात नाही. प्रत्येक श्वासासोबत आपण त्याहून कितीतरी जास्त नायट्रोजन आत घेतो. काळजी घ्यायची ती इतर तीन गोष्टींची.

पहिली म्हणजे कार्ट्रिजची अदलाबदल. क्रीम फेटण्यासाठी नायट्रस ऑक्साइडची कार्ट्रिज मिळतात आणि ती दिसायला हुबेहूब सारखीच असतात. नायट्रस ऑक्साइड हा वेगळा वायू आहे. तो किंचित गोड लागतो, पाण्यात सहज विरघळतो आणि कॉफीत ढोबळ, लवकर विरणारा फेस देतो. तो नशेसाठी हुंगला जातो आणि वारंवार हुंगल्याने शरीरातले ब-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जातंतूंना इजा होते. वेष्टनावर नुसते नायट्रोजन लिहिले आहे ना, हे वाचूनच खरेदी करावी.

दुसरी म्हणजे मोठे सिलिंडर. घरगुती कार्ट्रिजमधला दीड-पावणेदोन लिटर वायू खोलीत सुटला तरी काही बिघडत नाही. उपाहारगृहातला १० लिटर क्षमतेचा सिलिंडर मात्र १५० पट दाबाने भरलेला असेल, तर त्यातून सुमारे दीड हजार लिटर वायू निघतो. १० घनमीटरच्या बंद कोठीत तो सगळा गळला, तर तिथला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास येतो, आणि १९.५ टक्क्यांखालची हवा अपुऱ्या ऑक्सिजनची मानली जाते. यात भीतीदायक बाब ही, की आपल्याला गुदमरल्याची जाणीव होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. नायट्रोजनने भरलेल्या खोलीत तो नेहमीप्रमाणे उच्छ्वासातून बाहेर पडत राहतो, त्यामुळे कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपते. सिलिंडर हवेशीर जागी, साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवावा आणि दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरशिवाय कधीही वापरू नये.

तिसरी म्हणजे द्रव नायट्रोजन. त्याचे तापमान उणे १९६ अंश असते, आणि नायट्रो कॉफीच्या कृतीत त्याला कुठेही जागा नाही. डबे भरणाऱ्या कारखान्यात झाकण लावण्यापूर्वी त्याचा एखादा थेंब यंत्राने टाकतात आणि डबा ग्राहकाकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याचा वायू झालेला असतो. पेल्यात तो ओतून धूर काढणे मात्र घातक आहे. अशा पदार्थांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

खरी काळजी साठवणुकीची

लोक वायूला घाबरतात आणि कॉफीला विसरतात, ही मला सर्वात मोठी चूक वाटते. कोल्ड ब्रूमध्ये उकळी नसते, म्हणजे जंतू मारणारी पायरीच नसते. त्यात नायट्रोजनने ऑक्सिजन हाकलून दिला, की ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंना मोकळे रान मिळते. त्यांपैकी बोट्युलिझम हा प्राणघातक विकार घडवणारा जंतू ४.६ पेक्षा जास्त सामू असलेल्या, म्हणजे कमी आंबट पदार्थांत वाढू शकतो, आणि कॉफीचा सामू साधारण ५ च्या आसपास असतो. हे विष वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. अमेरिकेतील एका कंपनीने २०१७ मध्ये आपल्या नायट्रो कॉफीचे डबे याच शक्यतेमुळे बाजारातून परत मागवले होते.

घाबरून जाण्याचे कारण नाही, पण शिस्त हवी. भांडी उकळत्या पाण्याने धुवावीत, कॉफी फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आत भिजवावी, केगही तिथेच ठेवावे आणि सारे आठवड्याच्या आत संपवावे. खोलीतच विसरलेले केग दुसऱ्या दिवशी गार करून पिण्याचा मोह टाळावा. ती कॉफी ओतून द्यावी. घरी डबे किंवा बाटल्या हवाबंद करून बाहेर कपाटात साठवणे तर मुळीच करू नये. दूध केगमध्ये घालू नये, कारण ते नासतेही लवकर आणि नळातल्या छिद्रांतही बसते. हवेच असेल तर आधी पेल्यात घालून त्यावर कॉफी सोडावी.

गोडवा, आम्लता आणि कॅफिन

नायट्रोजन साखर घालत नाही, कॅलरी वाढवत नाही आणि आम्लही कमी करत नाही. गोड वाटण्यामागे अर्कातला कमी कडवटपणा आणि फेसाचा मऊपणा आहे. आपली जीभ त्या मऊपणाचा संबंध दूध-सायीशी जोडते. या भासामुळे पुष्कळांना साखरेची गरज भासत नाही, आणि माझ्या दृष्टीने या पेयाचा हाच सर्वात भरीव फायदा आहे.

आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांना ही कॉफी चालते, हा दावा मात्र जपून घ्यावा. फिलाडेल्फियातील थॉमस जेफरसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थंड आणि गरम अशा दोन्ही पद्धतींच्या कॉफीचा सामू ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान, म्हणजे जवळपास सारखाच आढळला. गरम कॉफीत एकूण आम्लांचे प्रमाण मात्र जास्त निघाले आणि प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) गुणही जास्त निघाला. एखाद्याला थंड कॉफी सोसवत असेल, तर त्याचे श्रेय भिजवण्याच्या पद्धतीला जाईल. वायूचा त्यात वाटा नाही.

कॅफिनचेही तसेच. नायट्रोजन ते वाढवत नाही आणि रक्तात लवकर पोहोचवतही नाही. तरीही नायट्रो कॉफीच्या पेल्यात कॅफिन जास्त असू शकते, कारण त्यात बर्फ नसतो आणि संपूर्ण पेला अर्कानेच भरलेला असतो. शिवाय कडवटपणा जाणवत नसल्यामुळे तो पटकन संपतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानले आहे. घरच्या अर्कात नेमके किती कॅफिन उतरले, हे मोजण्याचे साधन आपल्याकडे नसते. म्हणून पहिल्यांदा करताना छोटा, १५० मिलिलिटरचा पेला भरावा आणि संध्याकाळनंतर केगला हात लावू नये.